सुतक नसलेलं दुःख

पाच दिवसांच्या जिवाचं सुतक किती दिवसांचं?

शास्त्राला हा प्रश्न कधी पडला नव्हता. गर्भ गळला तर जितके महिने भरले असतील तितक्या रात्रींचं अशौच मनुस्मृतीत सांगितलंय. तो श्लोक फक्त बाईबद्दल बोलतो, बापाचा त्यात विचार नाही. तरी न जन्मलेल्याची कुठेतरी नोंद झाली होती. पण काचेच्या बशीत पाच दिवस वाढलेला, बारीक नळीतून गर्भाशयात सोडलेला आणि तिथे न रुजता विरून गेलेला जीव कुठल्या ओळीत बसवायचा? त्याला महिना नाही, तिथी नाही, नाव नाही. मोबाइलमध्ये एक फोटो आहे, करडा गोल ठिपका. आणि गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ताच्या रिपोर्टवर बीटाचा आकडा, पाचच्या आत.

आमच्या वाडीतल्या एकीने मला विचारलं होतं, "काकू, रडायचं तर कुणाच्या नावाने रडू?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

रत्नागिरीतली कितीतरी जोडपी या उपचारांसाठी घाट चढतात. कोल्हापूरची एसटी पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाटाला लागते, तेव्हा त्यातली एखादी बाई मांडीवरची थर्मासची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलेली असते. आत बर्फ आणि बर्फात इंजेक्शनं. शेजारची विचारते, "माहेरी का?" ती मान हलवते. घरी तीच इंजेक्शनं फ्रिजमध्ये कोकम सरबताच्या बाटलीमागे लपवलेली असतात, कारण पाहुणे पाणी प्यायला स्वतः फ्रिज उघडतात. दहा-बारा दिवस रोज ठरलेल्या वेळी पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचायची. पहिल्या दिवशी नवऱ्याचा हात थरथरतो. मग शिकतो. झाडावर चढून झेल्याने आंबा उतरवणारा, राठ झालेला तो हात बायकोच्या पोटावर निळे डाग उमटलेले बघतो आणि डाग नसलेली जागा शोधतो. याहून मोठी जवळीक मला ठाऊक नाही. आणि तिच्याबद्दल ते दोघं कुणाशीही बोलू शकत नाहीत.

उपचाराच्या तारखा हंगाम बघत नाहीत. स्त्रीबीजांची पुरेशी वाढ झाली की शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं आणि साधारण 36 तासांनी बीजं काढून घ्यायची. त्यात एप्रिल असेल तर बागेत आंबा उतरवायला आलेला, गडी खोळंबलेले, पेट्या भरायच्या राहिलेल्या. तो सगळं टाकून कोल्हापूर गाठतो. गावात कुणी विचारलं तर सांगतो, बँकेचं काम होतं. ते अगदीच खोटं नसतं. बागेवर कर्ज काढलेलं असतंच.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते. बायका देवीची ओटी भरतात. नारळ पुढे ठेवला जातो, मानकरी गाऱ्हाणं घालतो. या घरातल्या लेकी-सुनेची कूस उजव, पुढच्या शिमग्याला तुझा नवस फेडायला हे उभयता जोडीने येतील, असं खड्या आवाजात अख्ख्या वाडीसमोर मागतो आणि सगळे एका सुरात म्हणतात, "होय महाराजा!" ती पदर सावरत खाली बघत उभी असते. मला आधी वाटायचं, केवढा हा उघडेपणा, किती लाज वाटत असेल पोरीला. आता वाटतं, वर्षभरात तेवढ्या एकाच क्षणी तिचं दुःख सगळ्यांचं झालेलं असतं. मागताना सारी वाडी तिच्या बाजूने उभी राहते. न मिळाल्यावर मात्र ती एकटी. मागण्याचं गाऱ्हाणं आहे, मिळाल्यावर फेडायचा नवस आहे. मधल्या हरण्यासाठी आपण काहीच ठेवलेलं नाही.

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा या टेस्ट-ट्यूब बाळाचा जन्म झाला. पेपरांत फोटो आले, महाराष्ट्र हरखला. हरखण्यासारखंच होतं ते. पण माझं मन त्या बातमीच्या मागे बाकावर बसलेल्या बायकांकडे जातं, ज्यांचे प्रयत्न तिच्याआधी आणि तिच्यानंतर वाया गेले. आजही एका खेपेत यश मिळणाऱ्यांपेक्षा रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची संख्याच जास्त आहे. जाहिरातींच्या फलकांवर बाळांचे हसरे चेहरे असतात. परतणाऱ्यांचे चेहरे कोण छापणार?

परतल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं ते, "तू फार टेन्शन घेतेस ना, म्हणून." माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली 14 अभ्यास एकत्र करून 3,583 स्त्रियांची माहिती तपासली होती. उपचारांआधीच्या चिंतेचा वा उदासीचा त्या खेपेच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. तेव्हा बाई, तू रडलीस म्हणून ते गेलं नाही. घाटात गाडीला हादरे बसले म्हणून गेलं नाही. तू त्या दिवशी कळशी उचललीस म्हणूनही नाही. हे मला तुझ्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा सांगायचं आहे. टेन्शन येणारच. अमेरिकेत ॲलिस डोमार यांनी 1993 सालीच दाखवलं होतं, की मूल होत नसलेल्या स्त्रियांच्या मनाचा त्रास कॅन्सरच्या रुग्णांइतका असतो. कॅन्सरच्या माणसाला आपण "विसर, फिरून ये" असं म्हणत नाही.

आणि तो? शुक्राणूंचा काउंट कमी आला तर त्याचा रिपोर्ट घरात कुणाला दाखवला जात नाही. सासूसमोर दोष स्वतःवर घेऊन ती गप्प राहते आणि तिच्या त्या गप्प राहण्याचं ओझं तो वर्षानुवर्षं वाहतो. ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. तो मांडवीच्या जेटीवर जाऊन बसतो. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघं वेगवेगळी रडतात, आणि एकाच घरात दोन दुःखं शेजारी राहू लागतात.

याच जिल्ह्यातल्या मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, खटले सोसले. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही, तर लोकांनी त्यांना बोलून घेतलं. ज्यांना मूल नको त्यांना सुखाने जगू द्यायचं नाही आणि ज्यांना हवं असून होत नाही त्यांनाही नाही. कुणाच्या बिछान्यावर आपला हा कसला हक्क?

2021 च्या कायद्याने उपचारांसाठी बाईला 50 आणि पुरुषाला 55 अशी वयाची मर्यादा घातली, समुपदेशनही बंधनकारक केलं. चांगलंच झालं. पण मनाची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी येते. "आता पुरे" म्हणायला एक परवानगी लागते, आणि ती कायदा देत नाही, डॉक्टर देत नाहीत. ती घरातून यावी लागते. सासूने म्हणावं, पोरांनो, तुम्ही दोघं आहात ना, मला तेवढं घर भरलेलं आहे. असं म्हणणारी एक सासू मी पाहिली आहे. तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

आपल्याकडे गेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून जेवण जातं. बीटा निगेटिव्ह आल्याच्या दिवशीही त्या घरात चूल पेटलेली नसते, फक्त ते कुणाला कळलेलं नसतं. कळलं तर डबा घेऊन जा. मुगाची खिचडी, आमसुलाचं सार. पुढचा प्रयत्न कधी, हे विचारू नका. दत्तकाचा विषय त्या दिवशी काढू नका. ताटं दोन वाढा. तोही सकाळपासून जेवलेला नसतो.