मुंबईतील आमच्या पंगती

धर्मगुरूने उपाहारगृहांविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. उपवासाविषयी बोलणे हे आमचे काम आणि चवीने खाण्याविषयी बोलणे इतरांचे, असा एक समज आहे. आम्हीही तो अनेक वर्षे बाळगला. २०२३ सालच्या पावसाळ्यात मात्र तो हळूहळू गळून पडला. ते कसे घडले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सेमिनरीत आम्हांला शिस्तीचे धडे देणारे एक वृद्ध धर्मगुरू त्या वर्षी आजारी पडले. वय ब्याऐंशी. दर तीन आठवड्यांनी त्यांना उपचारांसाठी मुंबईतील एका रुग्णालयात न्यावे लागे. ती जबाबदारी आमच्याकडे आली. वसई रोडहून लोकलच्या राखीव डब्यात बसून आम्ही दोघे निघत असू. औषधांमुळे त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. झगा खांद्यावरून ओघळू लागला होता. डॉक्टर म्हणाले, "पथ्याचे फार मनावर घेऊ नका. ताजे, गरम आणि जे घशाखाली उतरेल ते खाऊ द्या." अधाशीपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे, असे ज्यांनी आम्हांला शिकवले त्यांनाच "फादर, आज काय खाल?" असे विचारण्याची पाळी आमच्यावर आली!

पहिल्या खेपेस आम्ही धोबी तलावाच्या 'कयानी'त शिरलो. १९०४ सालचे हे इराणी उपाहारगृह मेट्रो सिनेमाच्या समोर आहे. लाकडी खुर्च्या, चौकड्यांची मेजपोसे, काचेच्या बरण्यांत बिस्किटे. इराणातील यझ्द व केरमान भागातून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर अशी दुकाने थाटली आणि गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा प्यावा, अशी सोय केली. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

आम्ही बन-मस्का मागवला. फादरांनी बनचा तुकडा चहात बुडवला, लोण्याचे थेंब चहावर तरंगू लागले, ते पाहत राहिले आणि मग तो तुकडा तोंडात टाकला. अर्धा बन संपला. आठ दिवसांत प्रथमच त्यांनी काही मनापासून खाल्ले होते. "पाव हा शब्द पोर्तुगीजांचा," ते म्हणाले, "भट्टीवर राबणारे हात गोव्यातल्या आपल्या लोकांचे, दुकान इराण्याचे आणि खाणारे आपण वसईकर. एका बनमध्ये किती माणसे!" वर्गात इतिहास शिकवतानाचा तोच जुना स्वर होता.

पुढच्या खेपेस माटुंगा. स्थानकाजवळच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचे 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ पासून चालू आहे. जिना चढताना फादरांना दोनदा थांबावे लागले. आम्हांला अपराधी वाटले. पण वर केळीच्या पानावर वाफाळता भात आला, त्यावर रसम आले आणि मिरी-चिंचेच्या त्या वासाने त्यांचा चेहरा खुलला. वाढपी पुन्हा पुन्हा येऊन विचारीत होता. त्याला यांचे दुखणे कसे कळले कोण जाणे. त्याने न मागता रसमची आणखी एक वाटी त्यांच्यापुढे ठेवली. शेजारी एक विद्यार्थी आणि समोर हिशेबाची वही उघडून बसलेले एक व्यापारी. कोणी कोणाचे नाव विचारले नाही, तरीही ती पंगत होती.

तिसऱ्या वेळी दादरला गोखले रोडवरच्या 'प्रकाश'मध्ये पीयूष घेतले. श्रीखंड ताकात घुसळून, वर केशर-जायफळ, असे हे पेय. ज्यांना घास जड जातो त्यांना ते घोटाघोटाने घेता येते. निघताना माहीमच्या हलव्याचा डबा घेतला. कागदासारख्या पातळ वड्या, दोन वड्यांच्या मध्ये खराखुरा कागद. हा डबा धर्मगुरूंच्या निवृत्तिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंसाठी होता. "ती वर्षानुवर्षे आम्हांला वाढते," फादर म्हणाले, "तिला कोण वाढतं?"

वाचकहो, आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. या सर्व पंगतींत आमच्या मनाच्या तळाशी एक जुना खडा होता. १९८७ साली, प्रायश्चित्तकाळात, बाहेरून सेमिनरीकडे परतताना आम्ही स्थानकाबाहेर वडापाव घेऊन खाल्ला. कोणीतरी पाहिले. याच फादरांनी आम्हांला तीन रात्री भोजनगृहात गुडघ्यांवर बसवले. इतर जेवत असताना. सतरा वर्षांच्या मुलाला भुकेपेक्षा त्या नजरा अधिक लागल्या. पुढे आम्ही त्यांचे पाय धरले, त्यांच्या हातून प्रमाणपत्रे घेतली, त्यांच्या सुवर्णमहोत्सवी मिस्सात प्रवचनही केले. परंतु तो खडा विरघळला नाही. दर खेपेस त्यांच्यासमोर बसताना वाटे, यांना ते आठवत असेल का? विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही. दर रविवारी वेदीवरून क्षमेविषयी बोलणाऱ्या माणसाची ही अवस्था!

पाचव्या खेपेस दादर स्थानकाबाहेर फादर अचानक थांबले. वडापाव याच परिसरात १९६६ साली अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला, असे सांगतात. पुढ्यातल्या गाडीवरच्या कढईतून वडे नुकतेच निघत होते. लसणाच्या चटणीचा वास रस्ताभर पसरला होता.

"वडापाव घे," ते म्हणाले.

"फादर, तुम्हांला तिखट चालेल का?"

"मला नको, तुला घे. मी तुला गुडघ्यांवर बसवलं होतं. तीन रात्री."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. ते गर्दीकडे पाहत बोलत राहिले. "नियम मोडलास म्हणून शिक्षा केली, ती देणं मला भाग होतं असं तेव्हा वाटलं. पण सगळे जेवत असताना तुला बसवायला नको होतं. पंगतीतून माणूस उठवायचा नसतो. तिसऱ्या रात्री मलाही जेवण गेलं नाही. हे तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली."

त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले. आम्ही वडापाव घेतला, त्यातला चिमूटभर मोडून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्ला. उरलेला आम्ही तिथेच, गर्दीचे धक्के खात उभ्याने संपवला. मिरची नसतानाही डोळ्यांत पाणी आले होते. सुटत असलेली लोकल आम्ही दोघांनी तशीच जाऊ दिली.

त्याच वर्षी नाताळापूर्वी फादर देवाघरी गेले.

त्या प्रवासांत एकदा आम्ही त्यांना विचारले होते, की आता अधाशीपणाची व्याख्या कशी कराल. ते म्हणाले होते, "खूप खाणं एवढीच ती नाही. शेजाऱ्याच्या पानाकडे न पाहता खाणं, हाही अधाशीपणाच." आमच्या जुन्या वहीत ही व्याख्या नाही. ती आम्ही आता लिहून ठेवली आहे.

गेल्या उन्हाळ्यात धर्मग्रामातील वेदीसेवक मुलांना घेऊन आम्ही मुंबई पाहायला गेलो. म्युझियम पाहून झाल्यावर त्यांना 'कयानी'त नेले. बन-मस्का आला. मुले तुटून पडली. एकाची बशी मात्र यायची राहिली होती. आम्ही सर्वांना थांबवले. मुले कुरकुरली, पण थांबली. त्याची बशी आली, तेव्हाच सर्वांनी पहिला घास घेतला.