मिस करणे

इंग्रजीतून आलेल्या क्रियापदांत 'मिस'इतके सर्वसंचारी दुसरे क्वचितच सापडेल. लोकल मिस होते, लेक्चर मिस होते, फोनवर मिस्ड कॉल येऊन पडतो. येथवर तक्रार नाही. पण परदेशी गेलेली मुले आईला 'मिस' करू लागली, तेव्हा आठवण, ओढ, हुरहूर हे शब्द कुठे गेले, असा प्रश्न पडतो.

मुळात हा शब्द नेमबाजीतला. प्राचीन इंग्रजीतल्या 'मिस्सान'चा अर्थ नेम हुकणे. (शाळेतल्या बाईंना म्हणतात ते 'मिस' निराळे, ते 'मिस्ट्रेस'चे संक्षिप्त रूप.) इ. स. १००० च्या सुमाराच्या एकमेव हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आलेल्या 'बेवुल्फ' या काव्यात हे क्रियापद एका भयंकर जागी येते. राजा ह्रेथेलचा एक मुलगा बाण सोडतो, नेम चुकतो आणि सख्खा भाऊ मरतो. मारणारा पोटचाच, सूड कोणावर उगवायचा? म्हातारा बाप झुरून मरतो. तिथे शब्दाचा अर्थ नेम चुकणे एवढाच आहे. मागे उरलेल्याची पोकळी त्यात पुढच्या शतकांत शिरली: न लागणे, न मिळणे, नसल्याचे ध्यानात येणे, आणि मग त्या नसण्याने जीव कासावीस होणे.

फ्रेंच माणूस हेच उलटे मांडतो. 'तू मला उणी आहेस' अशा धर्तीवर. मराठीतही आठवण आपण काढतो त्याहून ती येते अधिक. 'मिस करणे'मध्ये मात्र सोसणाराच कर्ता होऊन बसतो, हे मला खटकते. असो.

गंमत अशी, की याच वाटेने गेलेला एक शब्द आपल्या घरातही आहे. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, गर्दीत चुकामूक होते. आई गेल्यावर वडील संध्याकाळी उगाच दाराशी उभे राहत. काय झाले विचारले, तर म्हणत, "काही नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं." या वाक्यात कोण चुकले, काय चुकले, काहीच सांगितलेले नाही. आईचे नाव तर नाहीच. ते त्यांनी तिच्या हयातीतही चारचौघांत घेतले नव्हते.

नातीने एकदा सरळ विचारले, "आजोबा, तुम्ही आजीला मिस करता का?"

त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हो."

आम्हा भावंडांना हा प्रश्न मराठीत कधी विचारता आला नव्हता.