मांडीपासून वळायचं

चाळिशीनंतर मी मुंबईत प्रौढांच्या बॅलेवर्गात नाव घातलं. लहानपणी कथ्थक शिकले होते, पण इथलं वळण अगदी निराळं. कथ्थकच्या तत्कारात, म्हणजे पायांच्या ठेक्यात, तळवा जमिनीवर ठणकावून पडतो. बॅलेत उडी मारून खाली आलं तरी आवाज होऊ द्यायचा नाही.

सुरुवात पायांच्या पाच पोझिशन्सनी. पहिलीत टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर. दुसरीत तेच, पण मध्ये पाऊलभर अंतर. तिसरीत पुढची टाच मागच्या पावलाच्या मध्याशी, पाचवीत थेट बोटांशी. चौथीत पावलं पुढे-मागे, मध्ये मोकळी जागा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातले नृत्यगुरू पिएर बोशाँ यांनी त्या बसवल्या, असं मानतात. याच राजाने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली. म्हणून मुंबईतही आम्ही प्लिए, तांद्यू असे फ्रेंच शब्दच वापरतो.

आमची शिक्षिका माझ्याहून बरीच लहान. पहिल्याच दिवशी तिने माझ्या खुब्यावर हात ठेवला. "ताई, पावलं नका वळवू. मांडी वळवा, पावलं मागून येतील."

सगळं मर्म इथेच आहे. खुब्याचा सांधा गोल फिरतो. गुडघा बिजागरीसारखा, त्याला पीळ सोसत नाही. चवडे जबरदस्तीने बाहेर ढकलले की पावलाची कमान आत कोसळते आणि गुडघा मुरगळतो. पारख सोपी: प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने जायला हवा. पहिल्या पोझिशनमध्ये माझी पावलं पूर्ण बाहेर वळून एका सरळ रेषेत येत नाहीत, येणारही नाहीत. माझ्या खुब्याची ठेवणच तशी आहे. त्याचं मला दुःख नाही, कारण तेवढ्या कोनातही प्लिए खोल आणि मऊ होतो. उडी त्यातूनच निघते, त्यातच विरते.

तांद्यूत पाऊल जमीन घासत पुढे जातं. आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. परततानाही क्रम तोच, उलटा. बारवर, म्हणजे आधाराच्या दांड्यावर, हात नुसता ठेवायचा, लोंबकळायचं नाही. वर्गाचा निम्मा वेळ यातच जातो आणि मला तोच सगळ्यात आवडतो.

तुम्हीही शिकणार असाल तर मऊ सपाट बूट पुरेत. बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट पायात पुरेशी ताकद आल्यावरच. आणि जिथे पहिल्या दिवशी पावलं सरळ रेषेत ढकलायला लावतील, तिथे नाव घालू नका.