वेसाव्याचा मासळी महोत्सव आणि गंगारामांचा चहा

मुंबईत जन्म काढून आम्ही वेसावे पाहिले नव्हते. वेसावे म्हणजे कागदोपत्रीचे वर्सोवा. येथील कोळीवाड्यात २००६ सालापासून मासळी महोत्सव भरू लागला. बहुधा जानेवारीत, थंडीच्या दिवसांत तो भरतो. गेल्या खेपेस आम्ही सहकुटुंब जाऊन आलो, ते केवळ मासे खायला नव्हे.

आमच्या विहाराच्या महिला बचत गटाने जवळ्याची चटणी करून विकायला घेतली होती. वस्तीत ती हातोहात खपली. मग भगिनींनी जवळच्या एका सोसायटीबाहेर टेबल मांडले. एका बाईंनी चटणी चाखली, पुडी हातात घेतली, आडनाव विचारले आणि पुडी परत ठेवली. त्या दिवसापासून टेबल घडी करून विहारात पडून होते. आमच्या आयुष्मती त्या गटाच्या खजिनदार. त्यांना म्हटले, चला, बायका अन्न कसे विकतात ते एकदा पाहून येऊ.

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा स्टेशन गाठले. स्टेशनाला नाव गावाचे असले तरी कोळीवाडा तेथून बराच पुढे आहे. रिक्षा करावी लागते. कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्ल्या ओलांडल्या की खाडी लागते, पलीकडे मढ दिसते. नांगरलेल्या होड्या आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील पाहून आमची धाकटी विचारू लागली, "बाबा, मासे दोरीवर का टांगलेत?" पावसाळ्यात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. तेव्हा ही सुकी मासळीच घर चालवते, हे तिला समजावून सांगितले.

महोत्सवात ओळीने स्टॉल होते. चुलीपुढे आणि गल्ल्यावरही बायकाच. कोळी समाजात पुरुषाने मासळी आणायची आणि बाईने ती विकायची, ही जुनी रीत. पैशाचा व्यवहार तिच्या हाती असतो. लुगडे नेसलेल्या, अंगभर दागिने ल्यालेल्या त्या बायका मोठ्या आवाजात गिऱ्हाईक बोलावीत होत्या. रवा लावलेले बोंबील, कोळंबीचे कालवण, तिसऱ्या, तांदळाची भाकरी, प्यायला सोलकढी. आमच्या खिशाला पापलेट परवडणारे नव्हते. बोंबील आणि भाकरीवर आम्ही चौघे पोटभर जेवलो. "ताई, पोरीला काटा काढून द्या हो," असे वाढणाऱ्या मावशींनी दोनदा बजावले.

आमच्याच बाकावर मोटारीतून आलेले एक कुटुंब बसले होते. कोण कोणाचे, कोणी कोणाला विचारले नाही. आम्हांला मात्र आमच्या कचेरीतील जुने दिवस आठवले. डब्यात सुकट असली की शेजारची मंडळी उठून जात. नाव वासाचे घेत, कारण दुसरेच असे.

कोळी बांधवांची वाट आणि आपली वाट एक नाही. आपल्या हातच्या अन्नालाच विटाळ मानले गेले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार खावा लागला. पुढे शाहू महाराजांच्या पाठिंब्याने त्यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. पुढे १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे मागून खाणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले. मागून आणलेल्या तुकड्यापासून स्वतःच्या हातचे अन्न ताठ मानेने विकण्यापर्यंत आपल्याला यायचे आहे. चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच हा प्रश्न मानाचा आहे.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण भोजनदान करतो, ते करावेच. पण वर्षाचे बाकीचे दिवस आपल्या भगिनींच्या हातच्या चवीला बाजारात दाम मिळाला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते, ती करून घ्यावी. जमाखर्चाची वही रोजच्या रोज लिहावी. आणि एकटीला उभे न करता चौघींनी मिळून उभे राहावे. वेसाव्याच्या बायकांचे बळ त्यांच्या ओळीत आहे.

निघताना आयुष्मतींनी एका आजींकडून दोन किलो जवळा घेतला. एवढा कशाला, असे आजींनी विचारले. "विकायची चटणी करायची आहे," असे त्या म्हणाल्या. आजींनी वरून एक मूठ घातली.

पुढच्या रविवारी विहारातले टेबल पुन्हा बाहेर निघाले, त्याच सोसायटीसमोर. या वेळी पाच जणी होत्या आणि टेबलावर गटाचे नाव मोठ्या अक्षरांत होते. अकरा पुड्या गेल्या, नऊ परत आल्या. आडनाव विचारणारे त्या दिवशीही भेटले. भगिनींनी ते स्पष्ट सांगितले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आपल्या वस्तीजवळ असे एखादे टेबल दिसले, तर महाराजांचा तो चहा आठवा आणि थांबा.

जय भीम!