दोन आसनांची गाडी

लकडगंजांत राहणाऱ्यास लांकडाचें मोल वेगळें सांगावें लागत नाहीं. तरीहि मोटारगाडीच्या पोटांत लांकूड असतें, हें मला तिशी उलटल्यावर कळलें. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे वडिलांच्या वेळची, कापडी टपाची विलायती गाडी होती. मिस्त्री तिच्या दाराची कुजलेली चौकट काढून सागवानी बसवीत असतां मीं पाहिलें, कीं पत्रा ही केवळ त्वचा. अस्थि सगळ्या लांकडाच्या.

उंची गाड्या पूर्वीं अशाच घडत. कारखाना यंत्र व सांगाडा देई. वरचा देह धनी आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून करवून घेई. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग अशीच. जर्मनींत जन्मून अमेरिकेंत वाढलेल्या ड्यूसेनबर्ग बंधूंची ‘जे’ गाडी 1928 सालीं लोकांपुढें आली. यंत्र आठ नळकांड्यांचें, 265 अश्वशक्तीचें. हवा दाबून भरणारें यंत्र जोडलें कीं तीच शक्ति 320 होई. महाराजांच्या गाडीला लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं देह दिला. रंग नारिंगी व काळा. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर पावणेतेरा फुटांचें, आणि बसावयास जागा दोघांपुरती! माझ्या वर्गांत एका बांकावर याहून अधिक मुलें बसत. 1937 सालीं तो कारखानाच बंद पडला. 1948 सालीं इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें, 1961 सालीं महाराज निवर्तले. गाडी पुढें अमेरिकेंतील संग्राहकांच्या हातीं गेली.

हा वृत्तांत मीं एकदां शेजाऱ्यांच्या मुलाला मोठ्या रसानें सांगितला. त्यानें विचारलें, “गुरुजी, मग आमची विकूं का? वर्षांत दोन वेळां देखील बाहेर निघत नाहीं.” मीं तत्काळ म्हटलें, “विका. जिचा उपभोग नाहीं, त्या वस्तूचें स्वामित्व तें कसलें?” वर दोन सुभाषितेंहि ऐकविलीं. शास्त्राधार जिभेवर असला कीं विचार करण्याचे श्रम वांचतात.

गाडी गेली. वृद्ध गृहस्थ मात्र पुढेंहि दर रविवारीं फडकें घेऊन त्या रिकाम्या पडवींत जात, थोडा वेळ उभे राहत आणि परत येत. मला त्यांनीं कधीं दोष दिला नाहीं. पुढें दोन वर्षांनीं ते वारले.

2021 सालीं सरकारनें नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपांत राखलेली गाडी ‘व्हीए’ या अक्षरांनीं नोंदवितां येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. ती प्रदर्शनास किंवा शर्यतफेरीस न्यावी. रोजच्या वापरास मनाई! म्हणजे उपभोगावांचूनहि स्वामित्व असूं शकतें, हें राजपत्रानेंच मान्य केलें. माझें खंडन झालें, पण ऐकावयास ते राहिले नव्हते.

मिस्त्रीनें काढलेली ती कुजकी चौकट मीं त्या वेळीं मागून घेतली होती. घरांत दोनदां तिला चुलीची वाट दाखविण्याचें ठरलें. दोन्ही वेळां मीं ती उचलून पुन्हां माळ्यावर ठेविली.