‘हो-डाउन’ची मूळ चाल

पुणे

चि. मुक्ता,


एरन कोपलंड या अमेरिकन संगीतकाराच्या ‘रोडिओ’ या बॅलेतला ‘हो-डाउन’ हा भाग आजही वाद्यवृंद हौसेने वाजवतात. बॅले १९४२ साली रंगमंचावर आला. मात्र ‘हो-डाउन’ची मुख्य चाल कोपलंड यांची नव्हे. ती केंटकीतल्या विल्यम हॅमिल्टन स्टेप यांच्या फिडलवरची आहे.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाजवण्याची रीत तेवढी वेगळी. ॲपलेशियन डोंगरांत स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या चाली आणि आफ्रिकी वंशाच्या वादकांचा ठेका यांतून ही परंपरा घडली. घरातल्या वा शेजारपाजारच्या जाणत्याचं ऐकायचं आणि हात बसवायचा, हेच शिक्षण.

‘हो-डाउन’मागची ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही या परंपरेतलीच जुनी चाल. तिच्यासाठी वादक सर्वांत खालची ‘जी’ आणि सर्वांत वरची ‘ई’ या दोन्ही तारा उतरवून ‘डी’वर आणतात. मग चारांपैकी तीन तारा ‘डी’च्याच होतात. गज चालीबरोबर मोकळ्या तारेवरही फिरत राहतो आणि बॅगपाइपसारखा अखंड सूर घुमतो. पुष्कळ जण ही चाल संथ वाजवत. स्टेप यांनी ती नाचाच्या द्रुत लयीत नेली.

१९३७ साली ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांनी सॅलियर्सव्हिल इथे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी स्टेप यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी ते ऐकून बारकाईने स्वरलेखन केलं. ते १९४१च्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या पुस्तकात छापलं गेलं आणि तिथून चाल कोपलंड यांच्या हाती आली. स्टेप यांनी घातलेली लयही तिच्याबरोबर आली.

हेन्री रीड यांच्या चालीही अशाच वाचल्या. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावच्या या वृद्ध वादकाकडे ड्यूक विद्यापीठाचा विद्यार्थी ॲलन जब्बूर १९६६मध्ये टेपरेकॉर्डर घेऊन गेला. रीड यांनी तरुणपणी क्विन्स डिलियन या वयोवृद्ध वादकाकडून शिकलेल्या चालीही त्याला मिळाल्या. १९६८मध्ये रीड वारले. तोवर जब्बूर आणि त्याचे साथीदार त्या चाली स्वतः वाजवू लागले होते. त्यांच्याकडून त्या अमेरिकाभर पसरल्या.

एकाच चालीची अनेक रूपं असतात आणि प्रत्येक रूपात कुणाचा तरी हात असतो. म्हणूनच जाणते फिडलवादक चालीबरोबर ती कुणाकडून आली, हेही आवर्जून सांगतात.

तुझा,
सुधीरमामा