विंचू उतरविणे

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी या नृसिंहाच्या गावी, आजोळी असताना, मला विंचू चावला. मांत्रिक आजोबा आले. कडुनिंबाचा डहाळा मांडीवरून पावलाकडे फिरवीत ते ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले. त्यातला शब्दही मला कळला नाही. तो कळू नये, असाच संकेत होता. मधूनच मात्र ते स्पष्ट विचारीत, ‘आता कुठवर आलाय?’ मी हुंदके देत सांगे, ‘गुडघ्यापाशी.’ मग, ‘घोट्यापाशी.’

पुढे भाषाविज्ञान शिकविताना ध्यानात आले, की मराठीत विष चढते आणि विंचू उतरतो. वेदनेची वाट क्रियापदांनीच आखून ठेवली आहे. मंत्रापेक्षा त्या प्रश्नोत्तरानेच मला धीर दिला असावा. झांबियातील न्देंबू लोकांत उपचारविधीच्या वेळी रोगी व त्याचे आप्त मनातील राग बोलून दाखवितात, असे व्हिक्टर टर्नर यांनी नोंदविले आहे. तेथेही बोलायचे असते ते केवळ वैदूने नव्हे.

परंतु शब्दाने भय उतरते, विष नव्हे. लाल विंचवाचे विष हृदयावर घाला घालते; महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन देऊन अशा अनेक रुग्णांचे प्राण वाचविले. दंशावरील वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले, ते योग्यच झाले.

मला चावलेला विंचू काळा होता. त्याच पावसाळ्यात शेजारच्या मुलीला लाल विंचू चावला. तिलाही तोच प्रश्न विचारला गेला. तिला उत्तर देता आले नाही.